फोटोत काही नाही

दिवाळीला महिनाभर असेल. दुपारी मी सेंटरच्या जिन्यावरून खाली उतरत होते. खालच्या वळणावर एक माणूस बायकोला म्हणाला, “फोटोत काई निघालं नाही म्हनले ना? मग चल.” आवाजात राग नव्हता, उलट सुटकाच होती. त्याच्या हातात आमचा एक्स-रेचा लिफाफा होता. बायको पंचेचाळिशीची असावी. तिनं उत्तर दिलं नाही. डोक्यावरून घसरलेला पदर तिनं डाव्या हातानं पुढं ओढला आणि पायरी उतरायला लागली. उजवा हात अंगाशी धरलेला, कोपरात दुमडलेला. उजव्या हाताची बाई पदर डाव्या हातानं ओढते, एवढंच मला दिसलं. पण त्याआधीचं ते वाक्य कानात रुतून बसलं.

त्या फोटोचा रिपोर्ट मीच थोड्या वेळापूर्वी लिहिला होता. हाड मोडलेलं नाही, सांधा जागेवर आहे, सांध्यातली फट ठीक आहे. यातला शब्द न् शब्द खरा होता. काउंटरवरच्या मुलानं त्याचं एका शब्दात “नॉर्मल” करून सांगितलं, तेही चूक नव्हतं. मात्र ते कागदावरून जिन्यापर्यंत येईतो त्याचा अर्थ बदलला होता. “हाड चांगलं आहे” याचं “तुला काही झालेलं नाही” असं झालं होतं. लातुरात, बीडला, धाराशिवला कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसा, हे वाक्य ऐकू येतं. सासू सुनेला म्हणते, मुलगा बापाला म्हणतो, मुकादम मजुराला म्हणतो. फोटो निघाला, फोटोत काही नाही, आता उठा.

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, मावशी, सोनोग्राफी करून बघू, पैशाचं नंतर. नवरा घुटमळला. बसची वेळ विचारायला लागला. केजच्या पुढचे होते ते, डोंगरपट्ट्यातले. शेवटी तो बाहेर बाकावर बसला आणि ती आत आली.

खांद्याची सोनोग्राफी करताना ब्लाउजची बाही उतरवावी लागते, आणि बाही उतरली की आधीच्या सगळ्या उपचारांचा इतिहास उघडा पडतो. तिच्या खांद्यावर बिब्ब्याचे काळे गोल डाग होते, एकाशेजारी एक, दुखण्याच्या वाटेनं दंडापर्यंत उतरलेले. सासूनं घातले म्हणाली, पाडव्याला. त्यावर एरंडाची पानं शेकून बांधून झाली होती. मग गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन, मग मेडिकलवरच्या गोळ्या, मग अंगारा. सगळं करून झाल्यावर फोटो. मी गार जेल लावलं तशी ती शहारली आणि हसली. म्हणाली, “गार लई बरं वाटतंय मॅडम.”

खांद्याच्या वरच्या कंडरेकडं, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीकडं, बघायचं तर हात मागं न्यावा लागतो. नाहीतर ती हाडाच्या छपराखाली लपून राहते आणि प्रोब कितीही फिरवला तरी दिसत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, रुग्णाला पँटच्या मागच्या खिशावर हात ठेवायला सांगा. माझ्याकडं येणाऱ्या बायकांना मागचा खिसा नसतो. मी सांगते, काष्टा खोचता तिथं तळहात ठेवा. लगेच कळतं, आणि कोपर आपोआप हवं तसं मागं वळतं. तिला तेवढंही नेता येईना. मी तिचा हात धरून हळूहळू वर नेला, तर तो डोक्यापर्यंत गेला. “आता धरून ठेवा” म्हणून सोडला, तर धपकन खाली आला. पडद्याकडं बघायच्या आधीच मला अर्धं उत्तर मिळालं होतं. सांधा आखडला असता तर माझ्यानंही हात वर गेला नसता. इथं वाट मोकळी होती, ओढणारं काही उरलं नव्हतं.

पडद्यावर हाडाच्या गोल माथ्यावर कंडरेचा करडा पट्टा दिसायला हवा होता, तिथं काळी फट होती. ती मान वळवून बघत होती. “हे काळं काय?” मी म्हटलं, इथं तुटलंय. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग दाराकडं तोंड करून जोरात म्हणाली, “आवो, आत या. निघालं बघा!”

तिच्या चेहऱ्यावर आनंद होता.

त्या आनंदानं मला आजही अस्वस्थ वाटतं. आठ महिने ती दुखतंय म्हणत होती, आता तिच्या बाजूनं साक्ष द्यायला एक यंत्र उभं राहिलं होतं.

खांद्याचा सांधा हे मोठ्या गोळ्याचं आणि उथळ खोबणीचं जोडकाम आहे. खोबण उथळ आहे म्हणून तर हात चहूबाजूंनी फिरतो. शरीरातला कुठलाच सांधा इतका फिरत नाही. पण त्याच कारणानं गोळा जागेवर ठेवायचं काम हाडाकडं कमी आणि मांसाकडं जास्त आहे. चार स्नायू त्याला चहूकडून धरून असतात, त्यांच्या टोकांचा मिळून रोटेटर कफ होतो. त्यातला वरचा, सुप्रास्पायनेटस, हाडाच्या छपराखालून येऊन गोळ्याच्या माथ्याला चिकटतो. दावं खुंट्याला जिथं घासतं तिथं झिजतं, तशी याची कंडराही त्या चिकटण्याच्या जागेजवळच विरते. आणि एक्स-रेला यातलं काहीही दिसत नाही. एक्स-रे हाडासाठी आहे. कंडरा, स्नायू, सांध्याची पिशवी हे सगळं त्याच्यासाठी एकाच करड्या रंगाचं आहे. फाटलेली कंडराही करडी, धड कंडराही करडी. कंडरा पूर्ण तुटून फार काळ लोटला तर गोळा वर सरकून छपराला टेकायला लागतो, तेव्हा कुठं फोटोत काहीतरी कळतं. तोवर वेळ गेलेली असते.

हाडाचंसुद्धा एक्स-रे सगळं सांगतो असं नाही. औशाकडचा एक तरुण शेतकरी आला होता. रात्रीची थ्री-फेज लाईट, पाण्याची पाळी, ओल्या पायांनी मोटारीच्या पेटीला हात लावला आणि शॉक बसला. वाचला हे नशीब. पण उजवा हात छातीशी वळला तो वळलाच. दुसरीकडं फोटो काढला होता, समोरून एकच, आणि त्यात हाड जागेवर दिसत होतं. मुका मार म्हणून शेक आणि मालीश चालू होतं. त्याला मी एवढंच सांगितलं की कोपर कमरेशी ठेव आणि मूठ बाहेरच्या बाजूला फिरव. कणभरही फिरेना. विजेचा झटका बसला की अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात, आणि खांदा आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा ताकदवान असल्यानं गोळा मागच्या बाजूला निसटतो. फिट आलेल्या रुग्णांतही हेच होतं. समोरून घेतलेल्या फोटोत मागं निसटलेला गोळा खोबणीच्या पुढ्यातच दिसतो, कारण फोटो म्हणजे सपाट सावली; पुढचं आणि मागचं एकावर एक पडतं. आम्ही हात थोडा बाजूला घेऊन काखेच्या दिशेनं दुसरा फोटो काढला. गोळा खोबणीच्या मागं स्वच्छ दिसत होता. आठवड्यांवर आठवडे गेले होते, नुसता ओढून बसवण्याचं काम राहिलं नव्हतं, ऑपरेशन करावं लागलं. एक जादा फोटो, तोही तेवढ्याच मशीनवर, पाच मिनिटांचं काम. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगते: शॉक, फिट, उंचावरून पडणं यातलं काही ऐकलं की दोन बाजूंनी फोटो घेतल्याशिवाय “ठीक” म्हणायचं नाही.

आणि फोटोचा कोपरा बघायचा. खांद्याच्या फोटोत फुफ्फुसाचं टोक आपसूक येतं. कित्येकदा ज्याला खांद्याचं दुखणं म्हणतात त्याचं मूळ तिथं असतं. एका बिडी ओढणाऱ्या आजोबांचा खांदा महिनोन्‌महिने दुखत होता, कळ करंगळीपर्यंत जायची. खांदा अगदी सुस्थितीत होता. वरच्या कोपऱ्यात, जिथं हवेचा काळा रंग हवा, तिथं पांढरं होतं. त्यांच्या मुलानं मला तेच विचारलं होतं, “खांद्यात काही नाही ना?” त्यावर काय म्हणायचं ते मला सुचेना. खांद्यात खरंच काही नव्हतं.

काही खांदे वेगळ्याच गोष्टी घेऊन येतात. गळ्याजवळचं हाड, आपण हासळी म्हणतो ते, मधे एकमेकांवर चढून जुळलेलं दिसतं. जुनं मोडलेलं, आपलं आपण सांधलेलं. पन्नाशीच्या आसपासचा माणूस असेल, निलंगा-औसा-उमरगा या पट्ट्यातला, तर मी विचारत नाही कधी लागलं म्हणून. तरी तो सांगतोच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून लोक झोपले होते. मी लहान होते, आमचं गाव किल्लारीपासून लांब, आमच्या फक्त भिंतीला तडे गेले. पुढं कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपलो, आणि आजी रात्री उठून उठून सगळ्यांच्या अंगावरून हात फिरवून मोजदाद करायची. त्यावेळी हासळी मोडलेल्या माणसाकडं कोण बघणार होतं? ज्यांचं डोकं फुटलं, ज्यांचे पाय दगडाखाली गेले, त्यांनाच हात पुरत नव्हते. असे लोक गळ्यात हात बांधून मातीच्या ढिगावर आपली माणसं शोधत राहिले. तो फोटो समोर आला की मी जरा जास्त वेळ थांबते. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही करण्यासारखं नसतं.

आजीचा विषय निघाला म्हणून सांगते. तिचाही खांदा धरला होता. मी शाळेत होते. आधी दुखणं, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, आणि मग दुखणं ओसरता ओसरता हात असा आखडला की तिला स्वतःचा अंबाडा घालता येईना. आई घालायची. आजीला ते फार लागायचं. ती आरसा घेऊन बसायची आणि आईला म्हणायची, “सैल झालाय गं,” आणि तो सैल झालेला नसायचा. काकांनी तिला एका हाडवैद्याकडं नेलं. त्यानं हात धरून ओढला, तेव्हा तिची किंकाळी मी अंगणातून ऐकली. त्यानं काही सुटलं नाही, उलट वाढलं. आणि मग दीड-दोन वर्षांनी, कुणी काही करत नसताना, हात हळूहळू सुटत गेला. आधी कपाळापर्यंत, मग डोक्यामागं. एका सकाळी तिनं स्वतः अंबाडा घातला आणि अंबाजोगाईला योगेश्वरीची ओटी भरायला गेली.

पुढं त्याच अंबाजोगाईत मी डॉक्टरकी शिकले. तिथं हा आजार पुस्तकात भेटला. फ्रान्सच्या द्युप्ले यांनी १८७२ साली त्याचं वर्णन केलं, आणि १९३४ साली बॉस्टनच्या कॉडमन यांनी त्याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटलं. नेमकं काय ते सांगायला अवघड, बरं करायला अवघड, आणि का होतं ते समजावून द्यायला अवघड, असं त्यांनी लिहून ठेवलंय. नव्वद वर्षं होऊन गेली, यातलं पहिलं थोडं सोपं झालंय, बाकी दोन जवळपास तिथंच आहेत. सांध्याभोवतीची पिशवी सुजते, जाड होते, आवळते. चाळिशी ते साठीत जास्त, बायकांत जास्त, आणि साखरेच्या रुग्णांत तर कितीतरी पट जास्त. आजीलाही साखर होती, ती निघाली मात्र हात सुटल्यावर काही वर्षांनी. आता खांदा आखडलेलं कुणी आलं की मी आधी रक्तातली साखर तपासायला सांगते, कित्येकांना ती असल्याचा पत्ताच खांद्यामुळं लागतो. या आजाराचं निदान बोटांनी होतं. कोपर अंगाशी, मूठ बाहेर फिरवायची. रुग्णाला फिरवता येत नाही, आणि डॉक्टरलाही त्याची फिरवता येत नाही. एक्स-रे घ्यायचा तो दुसरं काही नाही ना हे बघायला. एमआरआय बहुतेकांना लागतच नाही. तरी लोक मागतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. दोन वर्षं हात वर जाणार नाही, दुखेल, पण बहुतेक सुटेल, असं नुसतं तोंडी सांगितलेलं कोण ऐकून घेईल? कागद हवा असतो.

एमआरआयची खोली हे आमच्याकडचं सगळ्यात गार ठिकाण. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असतं आणि आत अंगावर चादर द्यावी लागते. आत जाण्याआधी बायकांच्या अंगावरचं सगळं उतरतं. बांगड्या, फुलं, डोरलं, जोडवी. जोडवी निघत नाहीत, साबण लावावा लागतो. मंगळसूत्र काढायला बायका थांबतात. सोबत आलेली सासू किंवा जाऊ पिशवीतून हळकुंड बांधलेला पिवळा दोरा काढते, तो गळ्यात बांधते, मगच ते उतरतं. दोऱ्याला आणि हळकुंडाला १.५ टेस्लाच्या चुंबकाची काही हरकत नसते. आमच्या टेक्निशियन मुलीनं आता तसे दोरे खोलीतच आणून ठेवलेत. मग बाई आडवी होते, हात अंगालगत, तळवा वर, पट्टा बांधलेला, आणि कानात कापूस घालूनही ठकठक आवाज येत राहतो. हलायचं नाही एवढंच सांगितलेलं असतं. मी काचेतून बघते तेव्हा पुष्कळ बायका झोपलेल्या असतात. त्या आवाजात. बाहेर आल्यावर ओशाळून म्हणतात, डोळा लागला हो. दिवसाउजेडी वीस-पंचवीस मिनिटं कुणी हाक न मारता पडून राहण्याची त्यांची ती कैक महिन्यांतली पहिलीच वेळ असते.

मी फोटो वाचायला बसते तेव्हा हे डोक्यात असतं. एमआरआयनं खांद्याच्या आतलं जेवढं दिसतं तेवढं कशानंच दिसत नाही. पाणी पांढरं येतं, त्यामुळं फाटलेल्या जागी साचलेला द्रव पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो; कंडरा किती मागं ओढली गेली ते मोजता येतं; आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्नायूचं काय झालंय ते कळतं. कंडरा तुटून स्नायू बिनकामाचा पडला की त्यात हळूहळू चरबी भरते. फ्रान्सच्या गुताल्ये यांनी १९९४ साली याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या लावून दिल्या. तीन-चारच्या पायरीला पोचलेला स्नायू, कंडरा शिवली तरी, पूर्वीसारखा होत नाही. म्हणून तारखा महत्त्वाच्या असतात. पण हे सगळं चित्र निजलेल्या खांद्याचं असतं. ज्या हातानं मोळी डोक्यावर धरली, शेंदायला दोर ओढला, टँकरच्या पाइपाशी घागर उचलून धरली, त्या हाताचं त्या कामातलं चित्र कुठंच नसतं. सोनोग्राफीत निदान मी म्हणू शकते, हात हलवा, आता दुखलं का, नेमकं आता का. त्या तपासणीत रुग्ण माझ्याशी बोलतो. म्हणून खांद्यासाठी, योग्य हातात, मला ती एमआरआयपेक्षा जवळची वाटते.

याची दुसरी बाजूही मला रोज दिसते. फोटोत काही नाही म्हणून लोकांना घरी पाठवलं जातं, तसं फोटोत काही आहे म्हणून लोक घाबरून बसतात. निवृत्तीला आलेले एक शिक्षक होते. थोडा खांदा दुखायचा. त्यांनी मोबाइलवर रिपोर्ट वाचला, त्यात अर्धवट फाटलेल्या कंडरेचा उल्लेख होता, आणि तेव्हापासून हात वर करणं बंद केलं. फळ्यावर डाव्या हातानं लिहायला लागले. उरलेली कंडरा तुटेल या भीतीनं. दोन-तीन महिन्यांत आधी नसलेला आखडलेपणा आला. त्यांना मी १९९५ सालचा एक अभ्यास सांगितला: खांदा अजिबात दुखत नसलेल्या ९६ माणसांचे एमआरआय काढले, तर तिघांतल्या एकाची कंडरा कमीजास्त फाटलेली निघाली, साठीच्या पुढच्यांत तर निम्म्याहून जास्त लोकांची. जपानात एका गावातल्या ६६४ लोकांची सोनोग्राफी झाली, ते २०१३ साली छापून आलं. शंभरातल्या बावीस जणांची कंडरा आरपार फाटलेली होती, आणि त्यातल्या दोनतृतीयांश लोकांना काहीही त्रास नव्हता. ते शेतावर जात होते. सर ऐकत राहिले आणि म्हणाले, “मग हे तुम्ही रिपोर्टात का नाही लिहीत?” तो प्रश्न मी घरी घेऊन आले.

ऑपरेशनच्या बाबतीतही फोटोनं आम्हाला फसवलंय. हाडाच्या छपराला काटा आलेला दिसला की तोच कंडरेला घासतो असं १९७२ साली अमेरिकेच्या नीर यांनी मांडलं, आणि तो काटा तासून काढायची ऑपरेशनं जगभर होत राहिली. २०१८ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही रुग्णांचा काटा खरंच तासला, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केलं नाही. तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक पडला नाही. काटा दिसत होता हे खरं, तासल्यावर दिसेनासा झाला हेही खरं, आणि दुखण्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

केजच्या बाईची गोष्ट यात बसणारी नव्हती, म्हणून ती मला जास्त छळते. तिची कंडरा वयानं विरलेली नव्हती. फेब्रुवारीत ऊसतोडीवर, ट्रकवर मोळी चढवताना फळीवरून तिचा पाय घसरला, ती हातावर पडली, आणि त्या दिवसापासून हात उचलेना. दुसऱ्या दिवशी ती डाव्या हातानं पाचट वेचायला गेली, कारण खाडा पडला तर पैसे कापतात. एमआरआय झाला. स्नायू अजून बराच चांगला होता. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता शिवली तर हात परत येण्याची आशा चांगली आहे; पाच-सहा आठवडे झोळी, मग व्यायाम, जड काम निदान सहा महिने नाही. नवरा ऐकत होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झाली होती. ती गेली नाही तर अर्धा कोयता, आणि उचल अंगावर. जिन्यातली त्याची सुटका मला त्या वेळी कळली. फोटोत काही निघालं असतं तर त्याला हा हिशेब करावा लागला असता, आणि आता तो करावा लागत होता. तो वाईट माणूस नव्हता. बाहेर जाऊन त्यानं तिच्यासाठी चहा आणला, बशीत ओतून दिला, कारण उजव्या हातानं तिला कप तोंडाशी नेता येत नव्हता. दसऱ्यानंतर ते टोळीबरोबर गेले. ती फक्त स्वयंपाकाला जाणार, मोळी उचलणार नाही, असं ठरलं म्हणाले. मी व्यायाम शिकवले, भिंतीवर बोटांनी चढायचे, वाकून हात झुलवायचा. ऊसतोड्यांच्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या खोपीला, भिंत नसते हे तिनंच मला सांगितलं. मग आम्ही बैलगाडीच्या साट्याला धरून करायचे व्यायाम बसवले. एप्रिलपर्यंत तो स्नायू कुठल्या पायरीला जाईल हे मला माहीत आहे तेवढं तिला माहीत नाही, आणि माझ्या माहितीचा तिला उपयोग नाही.

मास्तरांच्या प्रश्नावर मी एक केलं. आता खांद्याच्या प्रत्येक एक्स-रे रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी असतात: या फोटोत फक्त हाडं दिसतात. स्नायू आणि कंडरा दिसत नाहीत, दुखत असेल तर हात तपासून घ्या. एमआरआयखाली वेगळ्या ओळी, या वयात असे बदल न दुखणाऱ्या खांद्यातही सापडतात म्हणून. एका सर्जनांनी फोन करून नाराजी कळवली. रिपोर्ट डॉक्टरसाठी असतो, रुग्णासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा मला कळतो. पण रिपोर्ट आधी रुग्णाच्याच हातात पडतो, आणि तो घेऊन तो जिना उतरतो.

त्या जपानी गावानं माझ्या डोक्यात घर केलंय. आपल्याकडच्या एका गावात, ऊसतोडीहून परतलेल्या माणसांचे खांदे का बघू नयेत? अडचण मशीनची आहे. गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्याखाली सोनोग्राफी मशीनची नोंद जागेसकट असते, मनाला येईल तेव्हा गाडीत टाकून ते गावात नेता येत नाही. दारावरची पाटी, महिन्याचे अहवाल, गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म. मी खांदे बघते, पण मशीनला ते कसं कळणार. या कायद्याची कटकट वाटते का असं विचारलं तर, हो, वाटते. आणि मग मला २०११ च्या जनगणनेतला बीडचा आकडा आठवतो, सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली, आणि मी गप्प बसते. याच पडद्यावर, याच जेलनं, काय काय शोधलं गेलंय ते या जिल्ह्यांना ठाऊक आहे. गावातल्या म्हाताऱ्या अजून सोनोग्राफी म्हटलं की सुनेच्या पोटाकडं बघतात. मशीन जागेवर बांधून ठेवलं हे योग्यच झालं. मग माणसांनाच मशीनपर्यंत आणायचं.

केज तालुक्यातल्या एका आशाताईंशी परवा फोनवर बोलले. टोळ्या पाडव्याच्या आसपास परततात, पेरणीला जूनमध्ये गुंततात; म्हणजे मधले एप्रिल-मे. रविवारी आमचं सेंटर रिकामं असतं, हाडांचे डॉक्टर यायला तयार आहेत, फिजिओथेरपी कॉलेजची मुलं येतील. ज्यांचं दुखतं ते आणि ज्यांचं दुखत नाही तेही, चाळिशीच्या पुढचे सगळे. आशाताईंनी नीट ऐकून घेतलं. बायका येतील म्हणाल्या, पण सोनोग्राफी असा शब्द नको, खांद्याचा कॅम्प म्हणू. मग विचारलं, “मॅडम, पुरुष बी आणायचे का?” मी म्हटलं, हो, जोडीनंच आणा. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत, मनात घरं मोजत असाव्यात. मग म्हणाल्या, “मंग एका जिपात भागत नाही. दोन सांगून ठिवते.”